रिकामं टेबल

भूम तालुक्यात दिवस दुधानं उगवतो. बालाघाटाच्या डोंगररांगांतला हा बेभरवशाच्या पावसाचा मुलूख. ज्वारी एखाद्या वर्षी दगा देते, म्हैस सहसा देत नाही. म्हणून इथं गावोगावी खव्याच्या भट्ट्या पेटल्या आणि कुंथलगिरीच्या पेढ्याचं नाव दूरवर गेलं. अशा घरातला म्हातारा माणूस हर्नियाच्या ऑपरेशनला निघाला, तर सून त्याला कोरड्या तोंडानं कशी धाडील? डॉक्टरांनी ‘उपाशी या’ म्हणून सांगितलेलं सगळ्यांच्या लक्षात असतं. भाकरी कोणी पुढं करत नाही. पण पहाटे गाडीत बसण्याआधी दुधाळ, साखरेचा, अर्धा कप चहा हातात येतोच.

सकाळी नऊला सिस्टर विचारतात, “आबा, पोटात काही गेलंय का?”

“काय नाही बाई. निस्ता च्या घेतला घोटभर.”

इथं सगळं थांबतं. सर्जन हात धुवायला निघालेले असतात, भूलतज्ज्ञ शेजारच्या गावाहून गाडी हाणत आलेले असतात, टेबलावर हिरवी चादर अंथरलेली असते. आणि आबांना आता दुपारशिवाय टेबलावर घेता येणार नाही. आबांना वाटतं, एवढ्याशा चहानं काय होतंय! पण दूध पोटात गेलं की नासतं, त्याचा दही-छन्यासारखा घट्ट गोळा होतो आणि पोट त्याला अन्नासारखंच वागवतं. भूल दिल्यावर घशाची राखण करणारी प्रतिक्षिप्त क्रिया झोपी जाते. त्या वेळी पोटातलं वर आलं तर ते थेट फुप्फुसात उतरू शकतं. न्यूयॉर्कचे डॉक्टर कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ साली बाळंतिणींमधला हा धोका नीट वर्णन करून ठेवला, आणि उपाशी ठेवण्याचा नियम जगभर कडक झाला. आजचा सर्वसाधारण नियम असा, की हलकं खाणं आणि वरचं दूध यांच्यानंतर ६ तास जाऊ द्यायचे आणि पाण्यासारख्या नितळ पेयानंतर २ तास. बिनदुधाचा कोरा चहा या दुसऱ्या गटात मोडतो. म्हणजे त्या सुनेनं तोच चहा कोरा दिला असता, तर भूलतज्ज्ञांना विचारून आबांचं ऑपरेशन सकाळीच उरकलं असतं.

चूक ना आबांची, ना सुनेची. ‘उपाशी या’ हे वाक्यच अपुरं होतं. खव्याच्या गावात ‘चहाचं दूधसुद्धा जेवणच धरायचं’ एवढं आदल्या संध्याकाळी फोनवर कोणीतरी सांगायला हवं होतं. या वाक्याला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही, निधी लागत नाही. पण ते सांगण्याचं काम कोणाचं, हे बहुतेक ठिकाणी ठरलेलंच नसतं.

ऑपरेशन थिएटरमधला उशीर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं संथ हाताचा सर्जन येतो. प्रत्यक्षात चाकू लागल्यापासून शेवटचा टाका पडेपर्यंतच्या वेळेत फारसं काही वाया जात नाही. वेळ गळतो तो एक पेशंट बाहेर गेल्यापासून दुसरा आत येईपर्यंत. समजा, चार ऑपरेशनांची लिस्ट आहे. पहिली केस नऊऐवजी पावणेदहाला लागली आणि पुढं दर दोन केसांमध्ये चाळीस मिनिटं गेली, तर पावणेतीन तास टेबल रिकामं राहिलं. तेवढ्यात आणखी दोन हर्निया सहज झाले असते. ते दोन पेशंट पुढच्या आठवड्यावर जातात. म्हणजे पुन्हा एकदा एसटी, पुन्हा एकदा सोबत्याची रोजंदारी बुडवणं, पुन्हा एकदा घरच्या म्हशींची धार कोण काढणार याची विवंचना.

हा वेळ नेमका कुठं जातो, हे कळायला अहवाल वाचत बसण्यापेक्षा ओटी सिस्टरांच्या शेजारी एक सकाळ उभं राहावं. हर्नियाच्या हत्यारांचा एकच सेट असेल, तर पहिली केस संपल्यावर तो आधी धुवायचा, पुसायचा, मोजायचा, कापडात बांधायचा, मग ड्रम ऑटोक्लेव्हमध्ये. १२१ अंश तापमान, १५ पौंड दाब, बांधलेल्या सेटला साधारण अर्धा तास. त्याआधी पाणी तापायचा वेळ, नंतर वाळायचा आणि निवायचा वेळ. मधे लाइट गेली तर पहिल्यापासून. सव्वा-दीड तास कुठं गेला कळत नाही. त्या दीड तासात आत बसलेला सर्जन घड्याळाकडं बघतो आणि बाहेर बसलेला नातेवाईक ‘डॉक्टर आत झोपलेत का’ म्हणून पुटपुटतो. त्या दोघांच्या त्रासावर एकच उतारा असतो, हत्यारांचा दुसरा सेट. महागड्या मशीनसाठी प्रस्ताव पाठवले जातात, त्यांची उद्घाटनं होतात, फोटो छापून येतात. आर्टरी फोर्सेप्सच्या दुसऱ्या सेटचं उद्घाटन कोणी करत नाही. पण थिएटरची गती वाढवायची असेल, तर पहिला रुपया तिथं पडावा.

दुसरी गळती चिठ्ठीची. ऑपरेशन सुरू व्हायच्या बेताला बाहेर चिठ्ठी येते: हा धागा, ही जाळी, ही सुई बाहेरून आणा. नातेवाईक मेडिकलकडं धावतो. पहिल्या दुकानात मिळत नाही, दुसऱ्यात जास्तीचे पैसे मागतात, मग गावाकडं फोन. हर्नियाच्या जाळीपायी किती ऑपरेशनं पुढं ढकलली गेली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांना ही जाळी सलत होती. बाजारातली जाळी हजारांच्या घरात आणि पेशंट शेतमजूर. त्यांनी मच्छरदाणीचं कापड घेतलं, ते नीट निर्जंतुक केलं आणि हर्नियाला वापरलं. इतर ग्रामीण सर्जनांना बरोबर घेऊन केलेल्या या कामाचा अहवाल २००३ साली भारतीय शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात छापून आला. पुढं युगांडात झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही स्वस्त मच्छरदाणीची जाळी वर्षभराच्या निष्कर्षांत महागड्या जाळीच्या बरोबरीनं उतरली. दोंडाईच्यातलं काम स्वस्ताईसाठी वाखाणलं जातं. पण ज्या जाळीची किंमत काही रुपये आहे, ती कपाटात आधीपासून भरून ठेवता येते. चिठ्ठी लिहावी लागत नाही, धावपळ होत नाही, टेबल थांबत नाही. हा तिचा दुसरा गुण तितकाच मोठा आहे.

थिएटरमधल्या हालचालींकडं पहिल्यांदा चिकित्सेनं पाहिलं ते डॉक्टरनं नव्हे, एका गवंड्यानं. अमेरिकेतला फ्रँक गिलब्रेथ हा विटा रचण्याच्या कामात वाढलेला माणूस. एकेक वीट उचलताना गवंडी किती वेळा वाकतो हे त्यानं मोजलं आणि त्यातली निरर्थक हालचाल काढून टाकली. १९१०च्या दशकात तो हा नाद घेऊन ऑपरेशन थिएटरात शिरला. सर्जनांचं चित्रीकरण केलं. त्याला दिसलं की सर्जन मधेच वळून स्वतः हत्यारं शोधतोय. हत्यारं एका ठरावीक क्रमानं मांडावीत आणि मदतनिसानं ती सर्जनच्या तळहातावर ठेवावीत, अशी त्याची सूचना. सिनेमात डॉक्टर नजर न वळवता हात पसरून ‘कात्री’ म्हणतो, त्यामागं या गवंड्याची नजर आहे.

विटांवरून डोळ्यांकडं येऊ. मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर १९७६ साली ११ खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झालेली होती, तरी त्याच बोटांनी ते मोतीबिंदू काढत. त्यांना वेध लागला होता तो रांगेचा. रांग कधी संपायची? त्यांच्या थिएटरात एका सर्जनपुढं दोन टेबलं असतात. एका टेबलावर ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावर पुढचा पेशंट तयार होत असतो: डोळा बधिर केलेला, स्वच्छ केलेला, चादर टाकलेली. पहिलं संपलं की सर्जन मायक्रोस्कोप वळवतो आणि दुसरं सुरू करतो. मधली सगळी तयारी करणाऱ्या मुली खेड्यांतून आलेल्या, तिथंच दोन वर्षं शिकून तयार झालेल्या. सर्जन फक्त तेवढंच करतो जे सर्जनशिवाय कोणाला करता येत नाही. त्यामुळं तिथला एक सर्जन वर्षाला दोन हजारांच्या आसपास मोतीबिंदू काढतो, देशातल्या सरासरीच्या कितीतरी पट. आणि या वेगात जंतुसंसर्गाचं प्रमाण वाढलेलं नाही. पाश्चात्त्य देशांतल्या चांगल्या रुग्णालयांच्या तोडीचंच ते राहिलं आहे.

मराठी माणसाला हे चित्र अनोळखी वाटू नये. लातूर जिल्ह्यात रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि आनंदवनासारख्या ठिकाणच्या शिबिरांत मिळून एक लाखाहून अधिक डोळ्यांची ऑपरेशनं केली. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शिबिरात एका माणसाच्या हाताचं कौतुक होतं, ते व्हायलाही हवं. पण आनंदवनात डोळ्यावरची पट्टी सुटते तेव्हा तिच्यामागं थेंब घालणारे, दाब मोजणारे, नावं तपासणारे, हाताला धरून नेणारे कितीतरी हात असतात. ती साखळी तुटली तर उत्तम सर्जनही दिवसभरात चार-सहाच केसा करील.

वेगाचं एवढं गुणगान केल्यावर नोव्हेंबर २०१४ मधला छत्तीसगडातला तो दिवस सांगायलाच हवा. बिलासपूर जिल्ह्यात तखतपूरजवळच्या एका वापरात नसलेल्या रुग्णालयाच्या इमारतीत नसबंदीचं शिबिर लावलं होतं. काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं झाली. पुढच्या काही दिवसांत तेरा जणी गेल्या. एका पथकानं दिवसाला तीसपेक्षा जास्त ऑपरेशनं करू नयेत, हा सरकारी नियम तेव्हाही होता. मृत्यूंना ऑपरेशननंतर दिलेल्या गोळ्या कारणीभूत की जंतुसंसर्ग, यावर वाद झाले. परंतु ऑपरेशनची दुर्बीण दोन बायकांमध्ये नीट निर्जंतुक व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळच ८३ या आकड्यात बसत नाही, हे समजायला चौकशी समिती लागत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. ऑटोक्लेव्हचा अर्धा तास हा वाया जाणारा वेळ नव्हेच. तो दुसऱ्या सेटनं भरून काढायचा असतो, कापायचा नसतो. गेलेल्या त्या तेरा जणींच्या घरी लहान मुलं होती. आकडा गाठायच्या नादात जे झालं, त्याला कार्यक्षमता हा शब्द लावणंसुद्धा पाप आहे.

मग वेगही हवा आणि जपणूकही, हे जुळवायचं कसं? याचं एक उत्तर शोधणाऱ्या माणसाची मुळं मराठवाड्याच्या सीमेवर आहेत. यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ उटी नावाचं खेडं आहे. तिथल्या शेतकरी कुटुंबातले आत्माराम गावंडे डॉक्टर होऊन अमेरिकेत गेले, ओहायोमधल्या एका लहान गावात मूत्रविकारांचे सर्जन म्हणून त्यांनी आयुष्य काढलं, आणि आईच्या नावानं उमरखेडला कॉलेज उभं केलं. त्यांचा मुलगा अतुल गावंडे बोस्टनमध्ये सर्जन झाला. वडिलांच्या गावाकडं आलेला हा मुलगा नांदेडच्या सरकारी रुग्णालयातही गेला आणि तिथं जे पाहिलं ते त्यानं २००७ सालच्या ‘बेटर’ या पुस्तकाच्या शेवटी लिहिलं.

५०० खाटा, तीन मुख्य थिएटरं आणि अवघे नऊ सर्जन. बाहेर माणसांचा लोंढा. गावंडे यांनी तिथल्या तुटवड्याबद्दल लिहिलं, पण जास्त लिहिलं ते तिथल्या सर्जनांच्या तयारीबद्दल. ज्या ऑपरेशनांसाठी बोस्टनमध्ये वेगवेगळे तज्ज्ञ लागतात, ती ही माणसं एकहाती करत होती. फुटलेल्या अल्सरचं छिद्र दुर्बिणीतून बुजवण्याची, साध्या हत्यारांवर भागणारी पद्धत त्यांनी आपल्या आपण बसवली होती. आणि या सगळ्या धबडग्यात ते रोज थोडा वेळ काढून रुग्णालयासमोरच्या हॉटेलात चहा प्यायला बसत, आणि आज काय केलं, काय अडलं, काय सुटलं, ते एकमेकांना सांगत. वरवर पाहणाऱ्याला तो पंधरा-वीस मिनिटांचा चहा वेळ घालवणं वाटेल. पण काल अडलेली गोष्ट उद्या दुसऱ्याची अडू नये, याची सोय त्या चहात होती. मोठमोठी रुग्णालयं यासाठी बैठका भरवतात.

पुढं जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रिया सुरक्षित करण्याचं काम याच गावंड्यांकडं दिलं आणि २००८ साली एक साधी यादी जन्माला आली. १९ मुद्दे, एका पानावर. भूल देण्याआधी थांबायचं, चीर देण्याआधी थांबायचं, पेशंट बाहेर नेण्याआधी थांबायचं. पेशंट तोच आहे ना, बाजू तीच आहे ना, अँटिबायोटिक दिलं का, रक्त लागलं तर सोय आहे का, हत्यारं आणि स्पंज मोजून बरोबर भरले का. आठ शहरांत ती वापरून पाहिली. त्यात दिल्ली होतं, लंडन आणि सिएटल होतं, टांझानियातलं इफाकारासारखं लहान गावही होतं. जानेवारी २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले: ऑपरेशननंतरची गंभीर गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर, मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर.

ही यादी सुरक्षिततेसाठी आहे, वेळ वाचवण्यासाठी नाही, असं म्हणतात. तिचा एक मुद्दा मात्र वेळेच्या बाबतीतही मोलाचा आहे. चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. आपल्याकडं याला हसतात. वर्षानुवर्षं एकत्र काम करणाऱ्यांनी नावं कशाला सांगायची? पण थिएटरात एक उतरंड असते. सर, मग मॅडम, मग सिस्टर, मग वॉर्डबॉयमामा, मग मावशी. सक्शन मशीन कालपासून नीट ओढत नाही, हे बहुधा मामांना सगळ्यात आधी ठाऊक असतं. त्यांना कोणी विचारलेलं नसतं आणि त्यांनी आपणहून बोलायची रीत नसते. मग पोट उघडल्यावर मशीन बंद पडतं आणि धावपळ सुरू होते. सकाळी एकदा सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहून दिवसाची लिस्ट वाचली आणि ‘मामा, मशीन चालतंय ना?’ एवढं विचारलं, तर तो प्रसंग टळतो.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयानं तर हृदयाचं ऑपरेशन झालेलं बाळ अतिदक्षता विभागात हलवताना होणारा गोंधळ मिटवायला फेरारीच्या मोटारशर्यतीच्या पथकाचा सल्ला घेतला होता. काही सेकंदांत चारही चाकं बदलणारी माणसं बोलतात किती कमी, आणि कोण कुठं उभं राहणार हे आधीच किती पक्कं असतं, हे डॉक्टरांनी पाहिलं. आपल्याकडं लगीनघरात हजार पानं उठवणाऱ्या पंगतीचा हिशेब जाणणारी माणसं गावोगावी आहेत. वाढपी कुठून निघणार, पाणी कोण देणार, मागच्या पंगतीची पत्रावळ उचलताना पुढची कुठं मांडणार, हे त्यांच्या अंगात भिनलेलं असतं. थिएटरच्या कामाला हीच बुद्धी लागते.

तालुक्याच्या गावात या सगळ्या साखळीचा सगळ्यात नाजूक दुवा म्हणजे भूलतज्ज्ञ. सर्जन मिळतो, बाळंतपणाचे डॉक्टर मिळतात. भूल देणारा एक आणि त्याला बोलावणारे पाच दवाखाने, ही ठिकठिकाणची स्थिती. सकाळपासून थिएटरात जे वाक्य सर्वांत जास्त वेळा ऐकू येतं ते म्हणजे, ‘भूलवाले डॉक्टर निघाले का?’ ते एका दवाखान्यातून सुटून दुसऱ्यात पोचेपर्यंत सगळ्यांचं घड्याळ त्यांच्या गाडीच्या चाकांना बांधलेलं असतं. हेमलकशाला प्रकाश आमटे यांच्याबरोबर मंदाकिनीताई होत्या, आणि त्या भूलशास्त्र शिकलेल्या होत्या. भामरागडच्या जंगलात ऑपरेशनं होऊ शकली यात या योगायोगाचा वाटा किती मोठा, हे ज्याला भूलतज्ज्ञाची वाट पाहावी लागली आहे त्यालाच कळेल. सगळीकडं असा योगायोग घडत नाही, म्हणून सरकारनं एमबीबीएस डॉक्टरांसाठी १८ आठवड्यांचं जीवरक्षक भूल-प्रशिक्षण आखलं. त्यातून तयार झालेला डॉक्टर तातडीच्या सीझरला भूल देऊ शकतो. योजना चांगली आहे. पण असा शिकलेला डॉक्टर ज्या ठिकाणी थिएटरच चालू नाही तिथं बदलून गेला, की अठरा आठवडे मातीत जातात. बदलीच्या फायलीवर सही करणाऱ्यानं थिएटरच्या लिस्टवर एकदा नजर टाकावी, एवढीच अपेक्षा.

आणखी एक उशीर कागदाचा. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करायला पुण्याला कामाला असलेला थोरला मुलगा यायचा असतो, किंवा सुनेच्या माहेरचं कोणी. तोवर सगळे थांबतात. वास्तविक शुद्धीवर असलेल्या, कळत्या वयाच्या माणसाची स्वतःची सही पुरते. २००८ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे की सज्ञान पेशंटच्या वतीनं, तातडीचा प्रसंग नसताना, आईनंसुद्धा संमती देऊन चालत नाही. संमती पेशंटची हवी. घरच्यांना विश्वासात घ्यायचं ते घ्यावं, ते आपल्या रीतीला धरून आहे. पण पोटदुखीनं कळवळणाऱ्या बाईला स्वतःच्या पोटावर सही करायचा अधिकार आहे, हे तिला सांगणारं कोणीतरी तिथं असायला हवं.

इथवरचं सगळं रिकामं टेबल भरण्याबद्दल झालं. आता उलटी गोष्ट. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात सेंट जॉन्स नावाचं रुग्णालय होतं, ३२ थिएटरांचं. बत्तीसच्या बत्तीस थिएटरं ठरलेल्या ऑपरेशनांनी भरलेली असत. मग अपघाताची केस आली की कोणाचं तरी ठरलेलं ऑपरेशन पुढं ढकलायचं. त्यामुळं पुढची लिस्ट कोसळायची, रात्री उशिरापर्यंत काम चालायचं, दमलेले डॉक्टर आणि सिस्टर चुका करायचे. एका सल्लागारानं सांगितलं, एक थिएटर रिकामं ठेवा, तातडीच्या केसांशिवाय कोणालाच देऊ नका. सर्जन भडकले. जागा आधीच पुरत नाही आणि हा माणूस एक खोली काढून घेतोय! तरी त्यांनी ते करून पाहिलं. एकंदर ऑपरेशनांची संख्या वाढली आणि दुपारी तीननंतर चालणारी ऑपरेशनं निम्म्याजवळ घटली. अपघात कधी येईल हे सांगता येत नाही. पण रोज काहीतरी येणार, हे मात्र नक्की सांगता येतं. त्याची जागा आधी काढून ठेवली की ठरलेलं काम ठरल्यासारखं होतं.

भूमसारख्या ठिकाणी बत्तीस थिएटरं नसतात. तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय, एक थिएटर, आणि आजार हाताबाहेर गेला की ‘बार्शीला हलवा’ हे पिढ्यान्‌पिढ्यांचं वाक्य. बार्शीचं जगदाळे मामा हॉस्पिटल आणि नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल ही नावं इथल्या घराघरात आपल्या माणसांसारखी घेतली जातात. सीमेपलीकडच्या जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावच्या बायकांनाच आरोग्याच्या कामाला तयार केलं, तेही या पंचक्रोशीनं पाहिलेलं आहे. एकच थिएटर असलेल्या ठिकाणी सेंट जॉन्सचा धडा वेगळ्या रीतीनं लागू होतो. खोली राखून ठेवता येत नाही, पण एक ड्रम राखून ठेवता येतो. सीझरचा सेट बांधून, निर्जंतुक करून, तारीख घालून कपाटात वेगळा ठेवायचा, आणि कितीही घाई असली तरी हर्नियाला त्याला हात लावायचा नाही.

कारण सीझरच्या घड्याळाला दुसरी लय असते. बाळाचे ठोके बिघडले आणि सीझर करायचं ठरलं, की बाळ अर्ध्या तासात बाहेर यावं, अशी जगभरातली धारणा आहे. बाळंतिणींचे मृत्यू अभ्यासणाऱ्या सरीन थाडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ साली तीन उशीर सांगितले होते: दवाखान्यात न्यायचं ठरवण्यातला, दवाखान्यात पोचण्यातला, आणि दवाखान्यात पोचल्यावर उपचार मिळण्यातला. पहिला उशीर आशाताईंनी पुष्कळ कमी केला. दुसऱ्याला २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ची गाडी आली. भूमचा जिल्हा धाराशिव हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. इथल्या रस्त्यांना अजून खड्डे आहेत, पण गाडी येते. तिसरा उशीर मात्र इमारतीच्या आतला. केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम सुरू केला तो याच्यासाठीच: प्रसूतिगृह आणि बाळंतपणाचं थिएटर यांची रोजची रीत सुधारण्यासाठी. त्यातल्या तपासण्या वाचताना किरकोळ वाटतात. ट्रे भरलेला आहे का, ऑक्सिजन आहे का, बाळाला ऊब देणारं वॉर्मर चालू आहे का. रात्री दोन वाजता याच किरकोळ गोष्टी अर्धा तास खातात.

ती रात्र अशीही जाऊ शकते. डोंगराकडच्या एखाद्या वस्तीवरून १०८ निघते. गाडीत बाई कळा देते आहे, शेजारी आशाताई. गाडीतला डॉक्टर निघतानाच दवाखान्यात फोन करतो: पहिलटकरीण, मागचे बारा तास कळा, बाळाचे ठोके मंदावलेत, रक्तगट कार्डावर बी पॉझिटिव्ह. ड्यूटीवरच्या सिस्टर फोन ठेवतात आणि गाडीची वाट न बघता दुसरा लावतात, भूलतज्ज्ञांना. तिसरा रक्तसाठवण केंद्रात. मामा थिएटरचं कुलूप काढतात, सक्शन चालवून बघतात, जनरेटरच्या डिझेलवर नजर टाकतात. मावशी वॉर्मरची कळ दाबतात, म्हणजे बाळ येईपर्यंत ते ऊब धरील. सिस्टर कपाटातून तो राखून ठेवलेला ड्रम काढतात, वरची तारीख वाचतात, टेबलावर धुतलेली हिरवी चादर पसरतात आणि घडी सरळ करतात. टेबल रिकामं आहे. दिवा लागलेला आहे. बाहेर फाटकाजवळ गाडीचा उजेड वळतो आणि मामा ट्रॉली घेऊन पायरीपाशी जाऊन उभे राहतात.